बंद खोलीतून आलेला आकडा

त्या दिवशी मी फक्त डबा बदलायला गेलो होतो. शहराबाहेरच्या पंपघरात भिंतीवर बसवलेलं, काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र. भर दुपार होती, स्वच्छ ऊन होतं, काम अर्ध्या तासाचं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तो डबा माझा. सहा वर्षं दूर राहून शिकलो आणि डोक्यात एकच घेऊन परतलो: मोठ्या शहरांच्या पाण्याला जी राखण मिळते ती आपल्या छोट्या पंपघरालाही मिळायला हवी. कुणी परका नेटवर्कमध्ये शिरून पंप हाताळू नये म्हणून प्रत्येक हुकूम आधी डब्यातून जाई. पण डब्याची स्मरणशक्ती इवलीशी. जगभरच्या चोरांची यादी त्यात मावणार कशी? म्हणून मी उलटं केलं. पहिले सात दिवस त्याने नुसतं बघायचं. हुकूम देताना प्रत्येक कर्मचारी आपला ओळखीचा आकडा टाकी; त्या दिवसांत ज्यांचे आकडे दिसतील ती आपली माणसं. बाकी सारे अनोळखी. यादीत जागा सोळाच. नोंदीसुद्धा एका दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी पुसल्या जायच्या.

माझा सख्खा मोठा भाऊ पाणीखात्याचा प्रमुख. मला परत बोलावलं ते त्यानेच. ते सात दिवस सुरू करण्याआधी मी त्याला विचारलं होतं, "दादा, सगळे कामावर आहेत ना?"

"सगळे," तो म्हणाला होता.

पुढच्या महिन्यात तात्या गेले. पंपघराचे सर्वांत जुने ऑपरेटर. क्लोरीनची गळती बंद करायला ते आतल्या खोलीत शिरले होते. दुपारी तीनला मोठे पंप सुरू होताना वीज पुरावी म्हणून ऑफिसातून त्या खोलीचा, वायू बाहेर फेकणारा पंखा बंद केला जाई. आत माणूस असेल तर त्याने तिथल्या बटणांवर आपला आकडा टाकायचा, की पंखा पुन्हा फिरे. चौकशीत ठरलं, तात्या आकडा टाकायला विसरले. 'डब्यात दोष नाही' या कागदावर सही माझी. नंतर क्लोरीन दुसरीकडे हलवलं, बटणांची तार तोडली, खोलीला कुलूप घातलं.

आता पंपघर तात्यांची मुलगी सांभाळते. मला बघून तिने खुर्ची पुढे केली आणि आपल्या कामाला लागली. मी डब्याला लॅपटॉप जोडला. तीन वाजले. पंपांची घरघर सुरू झाली आणि पडद्यावर ओळ उमटली.

क्लोरीन खोली. पंखा चालू करा. आकडा ४४१७. अनोळखी. नाकारले.

मग तीच ओळ पुन्हा. आणि पुन्हा. आधी सावकाश, मग घाईघाईने...

"ताई, ४४१७ कुणाचा?"

"बाबांचा."

मी उठून तार पाहिली. तुटलेलं टोक भिंतीवर लोंबकळत होतं. दाराच्या लोखंडी कडीतलं कुलूप गंजलेलं. दाराजवळ मात्र नाकाला झोंबणारा वास होता, पोहण्याच्या तलावापाशी येतो तसा, पण कितीतरी उग्र.

"विसरले नव्हते ते," ताई हळू आवाजात म्हणाली. "घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस. तुमचा डबा बसला त्या आठवड्यात साहेबांनी, तुमच्या दादांनी, त्यांना रजेवर पाठवलं होतं. परत आले तर आतली बटणं ऐकेनात. हसायचे, म्हणायचे, चाळीस वर्षं झाली आणि या टीचभर डब्याला मी परका! साहेबांना दोनदा सांगितलं त्यांनी. साहेब म्हणाले, सध्या बोभाटा नको."

"मला का नाही सांगितलंत?"

"कागदावर तुमची सही बघितली होती मी."

मी दादाला फोन लावला.

"काय विद्वान, निघाला का डबा?"

"दादा, त्या आठवड्यात तात्या रजेवर होते."

पलीकडे त्याची खुर्ची करकरली.

"तुला माहीत होतं..."

"हे बघ, मोठे लोक पाहणीला यायचे होते. डबा चुकला म्हटलं असतं तर तुझं सगळं तिथेच संपलं असतं. तुझ्यासाठीच केलं रे मी. नंतर दुरुस्त करू म्हटलं..."

"आणि सही?"

"ती तर तूच केलीस."

ज्याचं बोट धरून मी चालायला शिकलो, तोच हे बोलत होता. फोन तसाच टेबलावर ठेवला. पडद्यावर ४४१७ अजून येतच होता. सोळाही जागा भरलेल्या; एक रिकामी केल्याशिवाय तात्यांना आत घेता येणार नव्हतं. मी दादाचा आकडा पुसला आणि तिथे ४४१७ लिहिला.

मान्य.

कुलूपबंद खोलीत पंखा फिरू लागला. ताईने दोन्ही हात दारावर ठेवले. "बाबा," ती म्हणाली, "या आता बाहेर."

पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला. झोंबणारा वास निवळला. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात नवी ओळ आली. क्लोरीन खोली. पंखा चालू करा. आकडा तात्यांचा नव्हता. आत्ताच मी पुसलेला, तो होता.

अनोळखी. नाकारले.

"दादा..." मी फोन उचलला. "कुठे आहेस तू?"

"केबिनमध्ये. का रे? इथे कसलातरी वास..." आणि तो खोकू लागला.

दुसऱ्या कुणाचा आकडा काढून मला दादाचा परत घालता आला असता. दहा सेकंदांचं काम. माझा हात लगेच हलला नाही, हे खरं आहे. पडद्यावर ओळींमागून ओळी येत होत्या. ताई माझ्याकडे बघत होती. घाल म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

दादाच्या केबिनला काचेचं सरकतं दार आहे. तरीही त्याच्या खोकल्यामागे मला स्पष्ट ऐकू येत होतं... लोखंडी कडी, कुणीतरी आतून ओढत असल्यासारखी.