आवाजाचा भाग

"गॅस बारीक कर, दूध उतू जाईल."

मुकुंदचा आवाज जरा खरखरीत होता. वाक्याचं शेवटचं अक्षर तो लांबवायचा. खरं तर पाच वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. आता गळ्याला बांधलेलं वाचायंत्र स्नायूंची हालचाल टिपून त्याच्या वतीनं बोले, तेही त्याच्याच आवाजात. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वीस वर्षं तो गाड्यांची घोषणा करत होता. त्या ध्वनिमुद्रणांवरून तो आवाज घडवला होता.

त्याची बायको शर्वाणी वैद्यकीय उपकरणांची कार्यप्रणाली सांभाळायची. औषधपंपांपासून वाचायंत्रांपर्यंत तीन लाख यंत्रं त्या एका प्रणालीवर चालत. महिन्यापूर्वी त्या प्रणालीच्या जुन्या संकलकात, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनात, एक छिद्र सापडलं. त्यातून कुणीतरी आत शिरलं आणि एका बाईंचा औषधपंप थांबला. त्या बाई वाचल्या नाहीत. शुक्रवारपर्यंत जुना संकलक प्रत्येक यंत्रावरून काढायचा होता.

बाकीचं सगळं नव्या संकलकावर नीट चाललं. अडला तो आवाजाचा भाग. स्नायू रोज थोडे बदलतात, म्हणून तो भाग यंत्रातच रोज सकाळी नव्यानं घडायचा, आणि त्याला जुनाच संकलक लागायचा. शर्वाणीनं अकरा दिवस खटपट केली. शेवटी तिनं वाचायंत्राचा प्रोग्राम दोन तुकड्यांत विभागला. शब्दांचा तुकडा नव्या संकलकावर तरला. आवाजाचा तुकडा बाहेर राहिला; म्हणजे यंत्र बोलेल, पण सगळ्यांसाठी असलेल्या एकाच तयार आवाजात.

"हा भाग किती जण वापरतात?" मुकुंदनं विचारलं.

"चाळीसेक."

"आणि पंपवाले?"

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला; आकडा लाखांत होता.

"मग कसला विचार करतेस? माझ्यामुळे अडून बसलीस, असं नको व्हायला."

शुक्रवारी दुपारी तिनं स्वतःच कळ दाबली.

"झालं?" मुकुंदच्या गळ्यातून गुळगुळीत, तरुण, अनोळखी आवाज आला. दोघंही दचकले.

त्यानंतर मुकुंद दुकानात बोले, फोनवर बोले; घरात मात्र मान हलवून भागवी. रविवारी आमटी खारट झाली होती. तो निमूट जेवत राहिला. शर्वाणीला राहवलं नाही.

"अरे, बोल ना काहीतरी! रागव तरी माझ्यावर!"

त्यानं हात पुसले, पेन्सिल ओढली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं,

"परक्या माणसाला तुझ्यावर कसं रागावू देऊ?"