तिसरी तार

फोन आला तेव्हा फौजदार शालीकराम बिसेन जेवणाचा डबा उघडत होते.

"साहेब, फुलचूरला एक बाई गेली. कूलरचा करंट."

बिसेनांनी डबा पुन्हा बंद केला. २०१० सालचा मे महिना. पारा सेहेचाळीसवर. त्या उन्हाळ्यातला हा त्यांचा पाचवा कूलर होता. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि आता त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

घर निवृत्त मुख्याध्यापक दुधराम कटरे यांचं. गेलेली बाई त्यांची बायको रुख्मा, वय बासष्ट. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. पडवीत पाण्याचं थारोळं, आडवी पडलेली बादली आणि खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर.

फाटकाशी एक इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण उभा होता. खांद्याला अवजारांची बॅग.

"तुम्ही कोण?"

"हिमांशू टेंभरे, सर. एसीचं काम करतो. यांच्या बेडरूमचा एसी मीच लावला."

"आज इथं कसे?"

"सकाळी टिकेशभाऊंचा फोन होता, एसी थंडा नहीं कर रहा म्हणून. दोन वाजता आलो तर हे सगळं. मेन स्विच मीच पाडला, सर. नाहीतर आणखी कोणी चिपकलं असतं."

"चांगलं केलं."

"कूलर बघा ना. ये तो होना ही था. मिस्त्रीनं तार कशी सोडली आहे!"

बिसेन वाकले. गुडघे कुरकुरले. कूलरच्या पोटात मोटरची एक तार बोटभर सोललेली होती आणि पत्र्याला टेकली होती. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर सगळीकडे बसला होता: पत्र्यावर, स्क्रूंवर, तारांच्या आवरणावर. उघडं तांबं मात्र लखलखत होतं.

त्यांनी दोन ओळी डायरीत लिहिल्या आणि आत गेले.

सून रविता भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा टिकेश, गोरेगावला पंचायत समितीत नोकरीला, नुकताच मोटारसायकलवरून धावत आला होता.

"सासूबाई कूलरमध्ये पाणी टाकत होत्या?"

"हव जी. दोन बादल्या टाकून झाल्या होत्या. तिसरी घेऊन मी येऊन राहिली होती. तेवढ्यात त्या खाली पडल्या."

"कूलर चालू होता?"

"नाही. बटन मीच बंद केलं होतं. पंखा थांबला होता."

"प्लग काढला होता?"

"तो लागूनच राहते. उंचावर आहे."

"घरात दुसरं काय चालू होतं?"

"बाबा एसी लावून झोपले होते."

टिकेश मध्येच बोलला. "साहेब, तिले काही आठवत नाही. बटन चालूच राहिलं असंन. नाहीतर करंट आला कुठून?"

रवितानं नवऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे.

"बंद केलं होतं," ती म्हणाली. पण आवाज आता तेवढा पक्का नव्हता.

---

संध्याकाळपर्यंत कूलरचा मिस्त्री खेमराज ठाण्यात आणून बसवलेला होता. पन्नाशीचा, बारीक, हाताला जुन्या चटक्यांचे डाग. ठाणेदारांनी जाता जाता सांगितलं होतं, "बिसेन, निष्काळजीपणाचा गुन्हा लावा आणि मोकळे व्हा."

"या घरचं काम किती वर्षांपासून करतोस?"

"सतरा."

"कूलरची तार तूच जोडली?"

"हव जी. मार्च महिन्यात. वाळ्याचे ताटे बदलवले, तार नवी टाकली, तिसरी तार अर्थिंगले जोडली."

"मोटरची तार उघडी सापडली."

"माह्या हातची नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणत असतीन."

तो भांडला नाही, रडलाही नाही. बिसेनांना त्याचाच जास्त थकवा आला. ओरडणाऱ्या माणसाला गप्प करता येतं.

"एसीचं काम तुला का नाही दिलं?"

"फेब्रुवारीत टिकेशभाऊनं विचारलं होतं. म्या म्हटलं, मीटरपासून नव्या तारा ओढा लागतीन. अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा भरा लागन. तीन दिवस जातीन. त्याहिले घाई होती. दुसऱ्यानं एका सकाळीत लावून देला."

"राग आला असेल."

"राग कायले, साहेब? ज्याचं घर, त्याची मर्जी."

"तुला तीन दिवस लागतात, त्याला एक सकाळ. कसं काय?"

खेमराजनं मान हलवली. "तेच मले समजलं नाही."

बिसेनांनी त्या दिवशी गुन्ह्याचा कागद लिहिला नाही. ठाणेदारांना त्यांनी सांगितलं, एक जबाब बाकी आहे. खरं तर त्यांना फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण ते लखलखतं तांबं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

---

सकाळी आठ वाजता ते पुन्हा फुलचूरला गेले. कूलरजवळ शिपाई बसवलेला होता. मेन स्विच अजून बंदच होता. रविता अंगणातल्या नळाला हात लावण्याआधी पदराचं टोक हाताला गुंडाळत होती.

"हे काऊन?" बिसेनांनी विचारलं.

"सवय झाली जी. पंधरा दिवसांपासून नळ झिणझिण्या देऊन राहिला."

"दिवसभर?"

"नाही. दुपारीच. सकाळी काही नाही."

"टिकेशला सांगितलं?"

"हव. त्याहीनं काल सकाळी एसीवाल्याले फोनवर सांगतलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात व्होल्टेज कमी राहते, मी दुपारी येऊन पाहतो."

"एसी थंड करत नव्हता, तोही पंधराच दिवसांपासून?"

रविता थांबली. "हव. तेव्हापासूनच."

घरामागे अर्थिंगचा खड्डा होता. आधी भांड्यांचं पाणी तिथं मुरायचं. एप्रिलमध्ये मोरी दुसऱ्या बाजूला बांधली. आता माती भेगाळली होती. बिसेनांनी काडी खुपसली. वीतभर खालीही कोरडी धूळ.

शेजारच्या सुशिलाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या.

"काल रुख्माबाईंना नेलं तेव्हा घरात कोण होतं?"

"मी अन् गुरुजी. मी त्याहिले बेडरूममंदी पाणी पाजून राहिली होती. तेवढ्यात तो एसीवाला आला. आल्या आल्या म्हणते, बोर्ड खोलून पाहतो. म्या त्याले हाकललं. म्हटलं, मास्तरचा जीव घाबरा झाला, अन् तुले बोर्ड सुचते?"

"मग तो गेला?"

"कुठचा! पडवीत होता बराच वेळ. तुमची गाडी येईपर्यंत."

बिसेन पायरीवर बसले. आता त्यांना कळलं होतं. कळल्याचा आनंद मात्र झाला नाही.

---

अकरा वाजता सगळे पडवीत जमले. दुधराम गुरुजी खुर्चीवर, टिकेश त्यांच्या मागे, रविता दाराशी. खेमराजला जीपमधून आणलं होतं. हिमांशूला बोलावणं पाठवलं होतं. तो लगेच आला.

"सर, एसी दुकानात घेऊन जातो. चेक करतो, फ्री में."

"नंतर. खेमराज, मेन चालू कर. कूलरचा प्लग लावलेलाच ठेव. बटन बंद ठेव. आणि कोणीही पत्र्याला हात लावायचा नाही."

खेमराजनं एका बल्बला दोन तारा जोडून आणल्या होत्या. एक तार त्यानं मीटरजवळच्या न्यूट्रलला लावली, दुसरी लाकडी पट्टीनं कूलरच्या पत्र्यावर धरली.

बल्ब पेटला नाही.

"टिकेश, बेडरूममधला एसी लावा."

टिकेश आत गेला. खटका वाजला.

बल्ब लख्ख पेटला.

गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले.

"बंद करा," बिसेन म्हणाले. बल्ब विझला.

"कूलर बंद होता आणि बंदच आहे. तरी पत्र्यात करंट आला, एसी लावल्याबरोबर. टिकेश, तुमच्या बायकोनं बटन बंद केलं होतं. ती पहिल्यापासून खरं सांगत होती."

रवितानं दाराची चौकट धरली.

"मग ती उघडी तार?" टिकेशनं विचारलं.

"ती नंतर सोलली. मार्चपासून उघडी असती तर खाऱ्या पाण्यानं तांबं काळं-हिरवं पडलं असतं. बाकी सगळ्यावर पांढरा थर आहे, त्या तांब्यावर नाही. ते काल दुपारी उघडं झालं. काल दुपारी पडवीत एकटं कोण होतं? मेन स्विच कोणी पाडला? चालू तार कोणी सोलत नाही."

सगळ्यांची नजर हिमांशूकडे वळली.

"एसीतून करंट परत जायला वेगळी तार लागते. ती मीटरपासून ओढायची म्हणजे भिंती फोडायच्या, तीन दिवस जायचे. यानं एका सकाळीत काम उरकलं, कारण परतीची तार ओढलीच नाही. ती अर्थिंगच्या तारेला जोडून दिली. फेब्रुवारीत खड्डा ओला होता, करंट जमिनीत जात होता, एसी चालत होता. मोरी हलली, खड्डा वाळला. करंटला जायला जागा उरली नाही. म्हणून एसी थंड करेना, म्हणून नळाला झिणझिण्या. अर्थिंगला जे जे जोडलेलं, नळाचा पाइपसुद्धा, ते ते दुपारी जिवंत व्हायचं."

बिसेनांनी खेमराजकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांना जड गेलं.

"खेमराजनं कूलरची तिसरी तार नीट जोडली होती, माणूस वाचावा म्हणून. त्याच तारेनं करंट रुख्माबाईंपर्यंत आला."

खेमराज खाली बसला. तोंडावर हात ठेवून तसाच राहिला.

"सर, हे सब अंदाज आहे," हिमांशू म्हणाला.

"बेडरूमचा बोर्ड खोलायचा बाकी आहे. पंचांसमोर खोलू. काल तुला तो खोलायचा होता. जमलं नाही, म्हणून कूलरवर हात चालवला, दुसऱ्याच्या गळ्यात घालायला. खोलू?"

हिमांशूनं शर्टाची बाही कपाळावरून फिरवली.

"मरेल असं वाटलं नव्हतं, सर. झिणझिण्याचं ऐकलं तेव्हाच समजलं होतं. म्हटलं, दुपारी जाऊन गुपचूप बदलून टाकू. दोन वाजता आलो... अर्ध्या तासाचा उशीर झाला."

"सकाळीच एसी बंद ठेवा म्हणून सांगता आलं असतं."

"मग त्यांनी विचारलं असतं, का."

बोर्ड खोलला. परतीची तार अर्थिंगच्या हिरव्या तारेला पिळून बांधलेली होती. पंचनामा झाला, फोटो निघाले. शिपायानं हिमांशूचा दंड धरला.

टिकेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मीच आणलं त्याले," तो म्हणाला. "खेमराजभाऊले नको म्हटलं अन् याले आणलं."

गुरुजी काठी टेकत उठले. हळूहळू सुनेपर्यंत गेले. काल दुपारपासून त्या घरात तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "मी बी तुलेच दोष देऊन राहिलो होतो. माफ कर."

तेव्हा कुठं रविता रडली. काल तिला रडायलाही भीती वाटली होती.

बिसेन जीपपाशी आले. काम संपलं होतं. डोकं दुखत होतं, डबा आजही गाडीतच होता. मागच्या सीटवर बेड्या घातलेल्या हिमांशूकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा पाय पायरीवरच थांबला.

"या वर्षी किती एसी लावले?"

हिमांशू जीपबाहेर पाहू लागला.

"अशी जोडणी किती घरांत केली?"

"सर... सीझन होता. सब ऐसा ही करते हैं."

"किती?"

"सात. आठ, शायद."

बिसेनांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. तासाभरात लोक जेवतील, दारं लावतील, एसी लावतील.

"पत्ते सांग. एकेक."

त्यांनी डायरी उघडली. हिमांशू सांगत गेला, ते लिहीत गेले. दोन गोंदियात, एक गोरेगावला, बाकी इथंच फुलचूरला. लिहून झाल्यावर त्यांनी पडवीकडे हाक मारली.

"खेमराज! तुला सोडलं आहे. घरी जा, झोप काढ. हक्क आहे तुझा." मग थोडं थांबून म्हणाले, "नाहीतर चल माझ्यासोबत. मला तारेतलं काही कळत नाही."

खेमराजनं डोळे पुसले, बल्ब आणि तारा पिशवीत टाकल्या आणि जीपमध्ये येऊन बसला.

पहिलं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. बिसेनांनी कडी वाजवली. भिजलेल्या हातांनी एका बाईनं दार उघडलं. आतून एसीची घरघर ऐकू येत होती.

"कोण पाहिजे जी?"

"कोणी नाही, बाई," बिसेन म्हणाले. "आधी एसी बंद करा. मग सांगतो."