चांगुणानं तोडलेला कडदोरा

फोन ठेवा बे खाली, मंगच सांगतो. ही निवृत्तीची गोष्ट. माहा साडू, साखरखेर्ड्याचा. त्याच्या बायकोनं, म्हंजे माह्या मेहुणीनं, चांगुणानं सोता मले सांगितली.

दोन सालं झाले. पौषातली अमावस्या, मंगळवार. दोघं फवारणीचा पंप दुरुस्त कराले देऊळगाव राजाले गेले. दुकानातच निवृत्ती मटकन खाली बसला. छातीचे ठोके असे सुटले का मोजताच येईनात. दवाखान्यात गोळ्या दिल्या, सुई दिली, काही फरक नाही. डॉक्टर म्हणे, "आता झोपेचं इंजेक्शन देऊन विजेचा झटका देतो. ठोके ताळ्यावर येतील. भेऊ नका."

नर्स म्हणे, "गळ्यातलं, हातातलं धातूचं काढा." चांगुणाचं डोकं कुठं जाग्यावर व्हतं! तिनं ताईत काढला, अंगठी काढली, अन् कंबरेचा चांदीचे मणी ओवलेला कडदोराबी. गाठ सुटेना तं कैचीनं तोडला. कोणी सांगितलं व्हतं तिले?

निवृत्तीनं गुंगीतच तिचा हात धरला. "थांब वं," म्हणे. तवर त्याले झोप लागली.

आपल्यात माणसाचा कडदोरा मेल्यावरच तोडतात, पोरांनो.

झटका दिला. अंग उडालं, खाली पडलं. ठोके बरोबर. डॉक्टर खूश.

रात्री खोलीत दोघंच. तो झोपलेला. उशाशी मशीन चालू. अन् दारावर थाप...

"चांगुणे, दार उघड. मले थंडी वाजून राह्यली."

निवृत्तीचाच आवाज.

तिनं खाटेकडे पाह्यलं. झोपलेला. श्वास चालू.

"तुमी तं इथं हा..."

भायेरची कडी वाजली.

मंग हळूच, "मी भायेर हाओ वं."

तिचा हात कडीवर गेला... थांबला. दार उघडलं अन् खाटेवरचे ठोके बंद पडले तं?

नाही उघडलं. दाराले पाठ लावून बसली. पहाटेलोक.

निवृत्ती घरी आला. जेवते, वावरात जाते. ठोके एकदम बरोबर. हात तेवढे गार, भर उन्हाळ्यातबी. चांगुणा म्हणे, "भाऊजी, मी कोणाले घरी आणलं? मले आता रडूबी येत नाही."

मी इचारलं, "सकाळी दार उघडलं तवा कोण व्हतं?"

कोणीच नव्हतं, म्हणे. पौषाची थंडी. फरशी गार, भिंत गार. भायेरची कडी मात्र गरम व्हती... कोणी रातभर मुठीत धरल्यावानी.