जिवंत माणसाचं शोकपत्रक

ते दोघे पहिल्यांदा भेटले ते एका मेलेल्या माणसाच्या दारात.

डॅन्यूब नदीकाठच्या रुसे शहरात माणूस गेला की त्याचं शोकपत्रक छापून इमारतीच्या दारावर, खांबांवर, बसथांब्यांवर लावतात. ते कोणी फाडत नाही. ऊनपावसानं आपोआप जाईल तेव्हा जाईल. नदीवरून धुकं वर चढत होतं, आणि अशाच एका दारापुढे उभी राहून नेदा ओठ हलवत वाचत होती. मागून आवाज आला, "तुमचे कोण होते?"

ती दचकली. विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसच्या ड्रायव्हरांचं निळं जाकीट घातलेला एक तरुण, हातात गरम पाव.

"कोणी नाही."

"मग रडताय का?"

"रडत नाहीये. थंडीनं डोळ्यांत पाणी आलंय. मी... शब्द बघतेय. कामासाठी."

"काय काम करता?"

"माणसं मारते," असं ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

त्यानं पाव पाठीमागे लपवला. "माझं खाणं व्हायचंय अजून."

नेदाला हसू आलं. मग तिनं सांगितलं. ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा मजकूर लिहायची. खेळाचं नाव 'कृपया मरू नये'. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. तुम्ही सरकारी कचेरीत एक दाखला आणायला गेला आहात. काय करायचं ते टाइप करायचं, आणि बहुतेक वेळा मरायचं.

"म्हणजे कसं?"

"समजा तुम्ही लिहिलंत, खिडकीतून वाकून बघतो. तर उत्तर येतं : खाली पाटी दिसते. 'येथून वाकून बघू नये.' पाटी आता फार जवळून दिसते."

तो मोठ्यानं हसला, आणि मग दारावरच्या कागदाकडे बघून ओशाळला. त्याचं नाव यावोर कुत्सारोव. त्याच इमारतीत राहायचा.

त्या दिवसापासून नेदा कामाला जाताना त्याचीच ट्रॉलीबस धरू लागली. ड्रायव्हरच्या मागची सीट. प्रत्येक थांब्यावर यावोर आरशात बघून तक्रार करायचा.

"काल तुमच्या खेळात मला फायलींच्या कपाटाखाली मारलंत."

"वरचा खण उघडलात ना? उघडू नका म्हणून लिहिलं होतं."

"म्हणून तर उघडला! तुम्ही मला 'बोलू नका' म्हणा, बघा मी किती बोलतो ते."

"बोलू नका."

"मग आजपासून 'तू' म्हणतो तुला. चालेल?"

ती खिडकीकडे वळली. काचेवर धुकं होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.

नेदा मरणावर विनोद लिहायची, कारण तिला मरणाची फार भीती वाटायची. आधी ती भीती मोघम होती. आता त्या भीतीला यावोरचं नाव मिळालं. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की ती मनात विचारायची, कोणता रस्ता? बस उशिरा आली की हात गार पडायचे. यावोरला तिनं यातलं काही सांगितलं नाही. आवडतं म्हणून एखाद्या गोष्टीचं नाव घेतलं की ती जाते, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हिवाळ्यात खेळाचं मोठं अपडेट यायचं होतं. आता खेळाडू मेला की त्याच्या नावाचं शोकपत्रक पडद्यावर येणार होतं. नेदानं शेकडो लिहिली, सगळी हसवणारी. जिवंत माणसाचं नाव कधी वापरायचं नाही, हा तिचा नियम. पण एका दुपारी तपासणीसाठी नाव हवं होतं, आणि बोटांनी आपणहून लिहिलं : यावोर कुत्सारोव. पुढे गल्लीचं नाव, ट्रॉलीबसचा मार्ग. विनोद काही सुचेना. तिनं लिहिलं, 'त्याच्या बसमध्ये कोणाला थंडी वाजली नाही.' मग अंगावर काटा आला, म्हणून फाइल बंद केली. पुसायची राहिली.

अपडेटच्या जाहिरातीसाठी साहेबांनी गमतीची शोकपत्रकं छापायला पाठवली. त्यात चुकून ही फाइलही गेली. छापखानेवाला म्हातारा जन्मभर खरी शोकपत्रकंच छापत आलेला. इतकी गमतीची आणि एक बिनगमतीचं... त्याला वाटलं, खऱ्या माणसाचं चुकून यात आलं, बिचाऱ्याचं. त्यानं वर क्रूस घातला, चांगल्या कागदावर प्रती छापल्या, आणि रीतीप्रमाणे स्वतः जाऊन त्या गल्लीत, थांब्यांवर, बसस्थानकावर लावल्या.

शनिवारी सकाळी नेदानं थांब्यावर काळ्या चौकटीत ते नाव वाचलं.

शब्द आपलेच आहेत हे कळलं, तरी धीर येईना. लिहिलं म्हणून झालं असेल तर? तिनं यावोरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले, तारा करकरल्या, दार उघडलं.

"चढ लवकर," यावोर म्हणाला. "मी मेलोय म्हणे. डेपोत तिघं माझ्या गळ्यात पडून रडले. एकानं उसने घेतलेले मोजेसुद्धा परत केले." मग त्यानं तिचा चेहरा बघितला. "नेदा? अगं, काय झालं?"

"मी लिहिलं ते... माझी चूक..."

तो हसणार होता. मधेच थांबला. "आज शनिवार. आई गावाहून येते. तिनं हे वाचलं तर?"

"फोन कर ना!"

"तिचा फोन घरी असतो. हरवेल म्हणून."

बदली ड्रायव्हरच्या हातात बस देऊन ते धावत सुटले. खांबावरचा कागद ओढला, दारावरचा ओरबाडला. समोरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, "लाज नाही वाटत? मेलेल्याचा कागद फाडता!"

"माझाच आहे, मावशी!"

बाईनं तीनदा थू-थू केलं आणि धाडकन खिडकी लावली. एरवी दोघं पोट धरून हसली असती.

बसस्थानकावर पोचले तेव्हा गावची बस रिकामी उभी होती. भिंतीपाशी एक ठेंगणी बाई पाठमोरी उभी. पायाशी पिशवी कलंडलेली, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी फुटून लाल ओघळ वाहत होता. शोकपत्रकाचा एक कोपरा सुटला होता. ती तो तळव्यानं दाबत होती, पुन्हा पुन्हा, चिकटेपर्यंत.

"आई."

ती वळली नाही.

"आई, मी आहे. बघ तरी."

ती वळली. त्याचा चेहरा चाचपला, कान, कपाळ. मग फाडकन मुस्काटात दिली आणि त्याच्या जाकिटात तोंड खुपसलं. आतूनच विचारलं, "कोणी केलं हे?"

नेदाला पळून जावंसं वाटलं. पाय हलले नाहीत.

"मी लिहिलं, काकू. खेळासाठी. छापायचं नव्हतं."

"माझ्याच पोराचं नाव मिळालं?"

"दिवसभर तेच मनात असतं," नेदा म्हणाली. "हा जाईल याची भीती वाटते मला. रोज. बोलले तर खरंच जाईल असं वाटतं, म्हणून याला कधी काही... बोललेच नाही."

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"वेडी की काय! हा जन्मला तेव्हापासून मी घाबरतेय. म्हणून काय त्याला हाक मारायची सोडली?" तिनं पिशवी उचलली, काच झटकली. "मी तिकडे बसते बाकावर. पाय कापतायत माझे. तुमचं काय ते बोला, आणि मोठ्यानं बोला."

यावोरचा गाल लाल झाला होता.

"रोज सकाळी मी खांब वाचतो," तो हळूच म्हणाला. "तुझं नाव नाही ना, ते बघायला. मगच बस काढतो. मला वाटायचं, मी एकटाच येडा."

"यावोर..."

"हं?"

"मला तू आवडतोस. फार आवडतोस."

बोलली. भीती गेली नव्हती, उलट वाढली होती. तिनं हात पुढे केला. शाईनं, डिंकानं चिकट झालेला त्याचा हात तिच्या हातात आला.

"ऐकू नाही आलं!" बाकावरून म्हातारी ओरडली.

नेदानं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.