चार पेडांची वेणी

मालगुजारांची जमीनदारी गेली, त्यानंतरच्या एका भादव्यातली ही गोष्ट. मनकर्णा नागभीडहून चिचटोल्याला निघाली ती लेकीला नवा परकर द्यायला, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. निदान भावाला तरी तिने तसंच सांगितलं. भाऊ हसला, कारण पोर दसऱ्याला परत येणारच होती आणि परकर तोवर काही कुजणार नव्हता. पण बहिणीला अडवून काही उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने मुकाट्याने बैलबंडी जुंपून तिला अर्ध्या वाटेवर सोडलं.

मनकर्णा आणि तिचा नवरा झाडू यांची काडीमोड झाली त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. झाडू वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. चिचटोल्याच्या तलावाचा तो पाणकर, म्हणजे कुणाच्या धानाच्या बांधीला कधी पाणी सोडायचं ते बघणारा. पण भीती नावाची गोष्ट देवाने त्याला द्यायची राहूनच गेली होती. एका पुरात त्याने चिमुकल्या मंगलीला डोंग्यात बसवून नदी ओलांडली, का तर पोरीला पूर जवळून बघायचा होता. मनकर्णा काठावर जीव मुठीत धरून उभी राहिली. दोघं हसत परत आली, आणि तिने त्याच संध्याकाळी आपलं गाठोडं बांधलं. पुढे पंचांनी ठरवलं की पोर आईकडे राहील, पण पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत बापाकडे.

गावाच्या वेशीवर म्हातारी गुणाबाई शेण वेचत होती. मनकर्णाला बघून तिने पाटी खाली ठेवली.

"आली काय बाई? बरं झालं. पोरगी तुडमात उतरून राह्यली, मालूम हाय ना तुले?"

मनकर्णाचे पाय जागच्या जागी थांबले. तलावाच्या मातीच्या पाळीला आतून लागून दगडांनी बांधलेला अरुंद हौद असतो, त्याला तुडूम म्हणतात. त्याच्या तळाशी भोक, आणि भोकात सागाचा खुंटा. खुंटा उपसला की पाणी पाळीखालून धानाच्या बांध्यांत धावतं. आणि त्या क्षणी जो तळाशी असेल त्यालाही ते भोकाकडे ओढतं.

"दोर कोन धरते?" तिने विचारलं.

"झाडूच धरते. एकटा." गुणाबाईने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "तुडमाचा दोर मायबापानं मिळून धरावं लागते, बाई. आमच्या आजीपासून तसंच हाय. माय नसली, तं मंग..."

पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

मंगली झाडूच्या अंगणातच होती. ती धावत येऊन आईला बिलगली, मनकर्णाचा हात तिच्या पाठीवर गेला, आणि हाताला वेणी लागली. चार पेडांची वेणी, घट्ट आणि सुबक, एक केस इकडचा तिकडे नाही. मनकर्णाला स्वतःला तीन पेडांपलीकडे येत नव्हतं. टोकाला फितीच्या जागी लव्हाळ्याची हिरवी काडी गुंडाळलेली होती.

"कोनं घातली हे येनी?"

"बाई घालते."

"कोनती बाई?"

"नाव नाई इचारलं म्या," मंगली म्हणाली, आणि परकर उलगडून बघण्यात गुंगली.

आता काडी मोडली म्हणजे नातं मोडतं, असं पंच म्हणतात. पण पंचांना कुठे चूल सांभाळायची असते? मनकर्णाने सारं घर डोळ्यांनी झाडून काढलं. दुसरं लुगडं नाही, काकणं नाहीत, कुंकवाचा करंडा नाही. तरी तिने उतरंडीमागेही वाकून बघितलं. तेवढ्यात झाडू खांद्यावर कुदळ घेऊन आला.

"घरात बाई आनली, तं आना. मले काय करायचं?" ती म्हणाली. "पन पोरीले तुडमात काऊन उतरवता?"

"कोनती बाई?" झाडूला खरोखरच कळलं नाही. तो ओट्यावर बसला. "हे पाह्य, खुंटा वरून उपसाची दांडी सडली. तलाव सरकारजमा झाला, तं आता दांडी चांद्याहून येईन म्हन्ते. तवर काय गावाचं धान वाळू देऊ? मोठ्या मानसाचे खांदे त्यात जात नाईत. मी बी लहानपनी उतरलो."

"तुमी उतरत होते तवा दोर कोन धरे?"

झाडूने खांद्यावरची कुदळ खाली ठेवली. "माय अन् बाबा."

"मंग?"

"माह्या हातात जोर हाय, मनकर्णा. अन् भेलेलं लेकरू बुडते. मंगली भेत नाई."

"तेच तं. तिच्या वाट्याचं बी मलेच भ्या लागते."

मनकर्णाने ठरवून टाकलं, उन्हं उतरायच्या आत पोरीला घेऊन निघायचं, मग पंच काय म्हणायचं ते म्हणोत. तिने मंगलीला पुढ्यात बसवून ती वेणी सोडली. वरून केस कोरडे होते, पण पेड सुटत गेले तसे आतून गार आणि ओले लागले, आणि त्यांतून तळाच्या गाळाचा वास आला. तिने तेल लावलं, विंचरलं, केस मोकळे सोडले. हे सगळं होईपर्यंत मंगली शहाण्यासारखी बसली आणि मग टुणकन उठली.

"पोचूकाकाच्या बांधीचं पानी बाकी हाय. तेवढं देऊन येतो, माय."

ती पळाली. झाडू तिच्या मागे गेला, आणि मनकर्णा हाका मारत त्या दोघांच्या मागे.

तलाव शांत होता. कमळाच्या पानांवर ऊन तिरपं पडलं होतं, दोन बगळे पाण्याच्या कडेला उभे होते. मनकर्णा पाळीवर चढली तेव्हा मंगलीने दोर स्वतःच कमरेला बांधून घेतला होता. ती तुडमाच्या दगडावर उभी होती. मोकळे केस वाऱ्यावर उडत होते. आईकडे बघून ती हसली आणि आत शिरली. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मनकर्णाने काही विचार केला नाही. झाडूच्या मागे उभी राहून तिने दोर धरला. दोर सरसर आत गेला आणि थांबला. खुंटा निघाला की मंगली दोनदा हिसका द्यायची, मग वर ओढायचं, अशी रीत होती. हिसका आला नाही. पाळीपलीकडे बांधीत पाणी धो धो पडायला लागलं, म्हणजे खुंटा तर निघाला होता.

"ओढा," मनकर्णा म्हणाली.

दोघांनी ओढलं. दोर हातभर वर आला आणि मग उलटा जाऊ लागला. पाणी ओढतं तसा नव्हे, पाण्याची ओढ एकसारखी असते. हा दोर थांबून थांबून जात होता. खाली कुणीतरी हातामागे हात टाकत तो आपल्याकडे घेत होतं. झाडूच्या तळहातांची साल निघाली. त्याने मान वळवून मनकर्णाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याच्या डोळ्यांत जे तिने कधी बघितलं नव्हतं, ते आज तिला दिसलं.

"माही हाय ते..." मनकर्णा पाण्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली. "माही लेक हाय... दे."

दोर ढिला पडला. मंगली वर आली. झाडूने तिला काखेत धरून दगडावर घेतलं. तिला धापसुद्धा लागली नव्हती. ती आईकडे पाठ करून परकर पिळायला लागली, आणि तिच्या पाठीवर चार पेडांची वेणी होती, टोकाला लव्हाळा गुंडाळलेली.

"आत्ता तं मोकळे होते केस..." झाडू म्हणाला.

"बाई म्हने, आज दोर दोघाईनं धरला," मंगलीने सांगितलं.

मनकर्णाने तिला आपल्याकडे वळवलं. "अजून काय म्हने?"

"म्हने, तुले माय भेटली. मंग आता मी कोनाची येनी घालू?"

झाडूने पोरीच्या कमरेची गाठ सोडली आणि सगळा दोर पाण्यात फेकून दिला. "घेऊन जाय तिले," तो मनकर्णाला म्हणाला. "पुन्हा नाई." लेकीच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं ते आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचं वर्ष बरं गेलं. चांद्याहून दांडी आली. पोळा झाला, तरी मनकर्णाने पोरीला पाठवलं नाही. आणि एका संध्याकाळी झाडूच गाडीने नागभीडला आला, एक भलामोठा कोहळा घेऊन.

"नको पाठवू तिले," तो ओट्यावर बसत म्हणाला. "दांडी बसली, पन नको. मी नुसता पाहून जातो."

मनकर्णाला त्याचं वाईट वाटलं, बरंही वाटलं. तिने त्याला जेवू घातलं, बाहेर चटई टाकून दिली. मंगलीला कुशीत घेऊन पडल्यावर तिच्या मनात आलं, पोरीसाठी आता दोन माणसं भितात. आपल्यासाठी कोण? भावाच्या घरी राबून वर्षं चालली होती, जेवलीस का म्हणून कुणी विचारत नव्हतं. तिला मग फार गाढ झोप लागली.

सकाळी उठली तेव्हा डोकं हलकं वाटत होतं. भाऊ स्टेशनावर हमालीला गेला होता. मनकर्णाने चूल पेटवली नाही. गाठोडं बांधलं, मंगलीला उठवून धुतलेला परकर नेसवला आणि तिचा हात धरून बाहेर आली.

"आमी दोघी बी येतो," ती झाडूला म्हणाली.

"कुठी?"

"तलावावर."

आपण हे बोललो याचं तिला नवल वाटलं नाही. ती पायरी उतरली. झाडू मागून येईना, तशी ती थांबली.

"काऊन थांबले?"

तो तिच्या पाठीकडे बघत होता. मनकर्णाने हात मागे नेला. रात्री तिने केसांचा अंबाडा घातला होता. आता बोटांना चार पेड लागले, आणि टोकाला गार, ओला लव्हाळा. भावाच्या घराजवळ ना तळं होतं ना लहानशी बोडी, रूळ होते आणि कोळशाची राख.

"मनकर्णा..." झाडू म्हणाला. त्याचा आवाज तिने ओळखला. पुराच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचा तो आवाज होता, एके काळी तिचाच. "पोरीचा हात सोड... माह्यापाशी दे तिले."

त्याचं म्हणणं तिला कळलं. वेणी सोडून टाकायला हवी, हेही कळलं. पण तिची आई गेल्यापासून तिचे केस कुणी इतक्या मायेने विंचरले नव्हते. तिने मंगलीचा हात आणखी घट्ट धरला आणि ती चिचटोल्याच्या वाटेला लागली.