डोळ्यांच्या उंचीची रेघ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

रात्रीचं नाही. भर दुपारचं. सातव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट.

मामा घरं सजवतो. रंग, दिवे, भिंतीवरची चित्रं. ज्याच्या हाताखाली तो काम शिकला, त्या उस्तादाने त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. चित्र टांगायचं ते घरातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. माणसाला भिंतीशी उभं करायचं, पेन्सिलीने रेघ मारायची, मगच खिळा.

माणूस हजर नसेल तर रेघ मारायची नाही.

का, ते उस्तादाने कधी सांगितलं नाही.

फ्लॅटमध्ये निवृत्त मास्तर एकटेच होते. बायको दोन महिने दवाखान्यात. ती परत येईल तेव्हा घर हसतं असावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. रंगांची हौस सगळी तिला. मास्तरांना पांढरा आणि पिवळट यातलाही फरक कळत नव्हता.

"बाईंचे डोळे कुठवर येतात?" मामाने विचारलं.

मास्तरांनी स्वतःच्या खांद्यापाशी हात धरला. "इथे. चाळीस वर्षं इथूनच डोळे वटारतेय माझ्यावर."

मामा हसला आणि रेघ मारून मोकळा झाला.

तिथेच चुकलं.

बाईंचं आवडतं निळ्या तळ्याचं चित्र त्याने टांगलं, वर छोटा दिवा बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन बघतो तर चित्र... वीतभर खाली.

खिळाही खाली. वरचं भोक कुठेच नाही. रंगावर साधा ओरखडा नाही. दिवा तेवढा जुन्या जागी होता.

"मास्तर, तुम्ही हलवलंत?"

"मला खिळा ठोकता आला असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

मामाने चित्र वर घेतलं.

तिसऱ्या दिवशी ते आणखी खाली होतं... खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

"दवाखान्यात आजपासून तिला चाकाच्या खुर्चीत बसवायला लागलेत," मास्तर सांगत होते. "उभं राहवत नाही आता."

त्याने चित्र पुन्हा वर नेलं, दोन खिळे ठोकून. चित्र वर राहिलं तर बाईही राहतील, असं त्याला वाटायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी चित्र जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होतं.

आणि समोर, जमिनीवरच्या गादीवर, बाई झोपल्या होत्या.

"घरी न्या म्हणाले," मास्तर कुजबुजले. "करण्यासारखं काही उरलं नाही. पलंगावरून पडेल म्हणून खाली झोपवलंय."

बाई कुशीवर वळल्या. डोळे बरोबर चित्रासमोर आले.

"छान लावलंत हो. मान उचलावी लागत नाही."

मामाचा हात हातोडीकडे गेला. मास्तरांनी तो धरला.

"राहू द्या. बघू दे तिला."

पाचव्या दिवशी भिंत... कोरी होती.

चित्र नाही. खिळे नाहीत. खाली गादीही नाही.

"पहाटे गेली," मास्तर म्हणाले. मामा भिंतीला टेकून रडला.

महिन्याभराने मास्तरांचा फोन आला.

"भिंतीवर पेन्सिलीची रेघ दिसतेय. खुर्चीत बसलो की बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. तुम्ही मारली होती का?"

मामाने मास्तरांना कधी भिंतीशी उभं केलंच नव्हतं. तो नाही म्हणाला.

"काल जरा वर होती," मास्तर म्हणाले. "रंग दिला तर मिटेल का हो?"

"मिटेल," मामा म्हणाला आणि रंगाचा डबा घेऊन निघाला.

त्याने रंगाचे तीन हात दिले. रेघ गेली. तिसरा हात वाळेपर्यंत मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

"चहा ठेवतो म्हटलं तुम्हाला," ते ओशाळून म्हणाले. "पण आज उभंच राहवत नाहीये."

मामाने मग भिंतीकडे पाहिलंच नाही.