ससाण्याच्या कड्यावरचा दोर

शाहीन ससाण्याची तीन पिल्लं कड्यावर अजून आहेत का, हे पाहायला साधना निघाली होती. वणीच्या बाजारात कुजबुज होती की एक परका माणूस पिल्लं शोधतोय. अशी पिल्लं पिशवीत दडवून आखातात नेतात, तिथल्या शौकिनांच्या मनगटावर बसायला. वनरक्षक तृप्तीला फोन केला होता. ती पलीकडच्या वाटेनं येत होती, पण तिला उशीर होणार होता.

बाबा असते तर पुढे तेच चालले असते. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावर दर फाल्गुनात ते इथं येत, दोरावरून अर्धा कडा उतरत आणि पिल्लं मोजत. वर दोर धरायचा तो नाथामामानंच. या डोंगरात मध काढणाऱ्यांचा नेमच तसा : दोर मेहुण्यानं धरायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, त्याची मूठ सुटत नाही. त्यासाठीच साधनाच्या आईनं नाथाला राखी बांधली होती. गेल्या श्रावणात बाबा दवाखान्यातून परत आले नाहीत. तेव्हापासून नाथानं दोराला हात लावला नव्हता. आज तो साधनाच्या मागून चढत होता.

घसाऱ्यावर साधनाचा पाय सुटला! कारवीचं खोड हाती लागलं म्हणून वाचली.

"तुझा बाप दरवर्षी इथंच पडायचा," नाथा म्हणाला. "आन उठून मलाच म्हनायचा, नाथा, जपून."

माथ्यावर दोघं थबकले. उंबराच्या बुंध्याला एक वेढा देऊन एक अनोळखी माणूस दोर धरून उभा होता. नाथाचा खाकी सदरा दिसला, त्याला तो वनरक्षक वाटला, आणि त्यानं दोर टाकून धूम ठोकली!

दोर सळसळत कड्याकडे धावला. नाथानं झेप घेतली. साधनानं मागून दोर पकडला, टाचा खडकात रोवल्या. तळहात सोलले. दोर थांबला.

"कोन हाय वर?" खालून आवाज आला. पाड्यावरचा मध काढणारा वाळू!

"मी नाथा. तुझा मेहुना कुठंय रं?"

"चोरीचा दोर धरनार नाय म्हनला."

"आन पिल्लं?"

"करंडीत. तिन्ही."

आधी पिल्लं ठेव, मग ओढतो, असं म्हणता आलं असतं. बाबा तसं म्हणाले नसते. "मामा, ओढू या," साधना म्हणाली.

वाळू वर आला आणि त्यानं करंडी खाली ठेवली. डोक्यावर ससाण्याची मादी किंचाळत फिरत होती. करंडीतली पिल्लं उन्हानं चोच वासून धापा टाकत होती.

"मी उतरते," साधना म्हणाली.

"तुम्हाला कपार सापडायची नाय, ताई. मीच ठिवतो." वाळू नाथाकडे वळला. "पन दोर कोन धरनार? तू माझा कोन?"

नाथानं दोराचा वेढा पुन्हा उंबराला घातला.

"तुझी बायको लंकाबाई माझी बहीन. आत्तापासून. भाऊबीजेला लुगडं घेऊन येतो. उतर."

"तिला इचारलं का?"

"तू वर आलास का इचारू."

वाळू उतरला. नाथानं दोर हातभर, हातभर सोडला. कड्यावरून दगड सुटून दरीत गेले. एकदा दोर जोरात हिसकला. नाथा गुडघ्यावर आला, पण दोर बोटभरही सरकला नाही. मग खालून दोन झटके आले. पिल्लं कपारीत पोचली!

रिकामी करंडी घेऊन वाळू वर आला. मादी पंख मिटून कपारीत शिरली आणि तिचं किंचाळणं थांबलं. कुणी काही न विचारता वाळू तृप्तीच्या वाटेला लागला, पळालेल्या माणसाचं नाव सांगायला.

नाथा उंबराला टेकून बसला होता. दोराचं काम संपलं होतं, तरी त्याच्या मुठी उघडत नव्हत्या. साधना शेजारी बसली आणि त्याचं एकेक बोट हळूहळू सोडवू लागली.